गॅलिपोलीच्या रणभूमीवरील कबरी आणि स्मारके कशी पाहावीत

युद्धभूमीवरील दफनभूमीत पाऊल ठेवल्यावर बहुतेक जण शिळेवरचे नाव वाचतात, वय पाहून हळहळतात आणि पुढच्या शिळेकडे वळतात. गॅलिपोलीत अशा पद्धतीने दोन दिवस फिरल्यास शेकडो नावे वाचून होतात. मात्र हाती फारसे काही लागत नाही. नाव आणि देह यांची सांगड येथे बऱ्याच ठिकाणी तुटलेली आहे, हे त्याचे मुख्य कारण होय. काही शिळांखाली देह आहे, काहींच्या खाली तो असावा असा केवळ तर्क आहे, हजारो देह कोणत्याही शिळेविना हिरवळीखाली आहेत आणि काही कबरी तर मुळातच प्रतीकात्मक आहेत. म्हणून येथील प्रत्येक दगडासमोर उभे राहून पहिला प्रश्न असा विचारावा, की याच्याखाली खरोखर कोणी आहे का, आणि असल्यास ते कोणाला, कधी व कशावरून समजले. पुढील सर्व सूचना या एका प्रश्नाभोवती रचलेल्या आहेत.

जाण्यापूर्वी

गॅलिपोलीचे द्वीपकल्प तुर्कस्तानच्या वायव्येला आहे. त्याच्या एका अंगाला एजियन समुद्र आणि दुसऱ्या अंगाला दार्दानेल्सची सामुद्रधुनी आहे. पहिल्या महायुद्धात १८ मार्च १९१५ रोजी ब्रिटिश व फ्रेंच युद्धनौकांनी ही सामुद्रधुनी फोडून इस्तंबूलकडे जाण्याचा प्रयत्न केला आणि तो फसला, तेव्हा २५ एप्रिल १९१५ रोजी किनाऱ्यावर फौजा उतरवण्यात आल्या. आठ महिन्यांहून अधिक काळ चाललेल्या या मोहिमेत दोस्त (ब्रिटिश, फ्रेंच आणि त्यांच्या बाजूच्या) फौजांना किनाऱ्यालगतच्या अरुंद पट्ट्यांपलीकडे सरकता आले नाही. ॲन्झॅक (ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंडच्या सैन्यदलाचे हे संक्षिप्त नाव त्या जागेलाही पडले) आणि सुवला येथील सैन्य डिसेंबर १९१५ मध्ये मागे घेतले गेले आणि हेलेसचे शेवटचे सैनिक ९ जानेवारी १९१६ च्या पहाटे जहाजावर चढले. तुर्कस्तानने हा प्रदेश १९७३ पासून राष्ट्रीय उद्यान म्हणून राखला असून २०१४ पासून त्यासाठी स्वतंत्र प्रशासन आहे. येथे गावे आहेत, शेते आणि ऑलिव्हच्या बागाही आहेत. तरीही खंदकांच्या खुणा, कडे आणि किनारे बऱ्याच अंशी मूळ रूपात ओळखता येतात.

रणभूमीचे तीन विभाग पडतात. दक्षिण टोकाला हेलेस, तेथून सुमारे वीस किलोमीटर उत्तरेला ॲन्झॅक आणि त्याला लागून आणखी उत्तरेला सुवला. हे तिन्ही विभाग एका दिवसात उरकण्याचा मोह टाळावा. ॲन्झॅकसाठी एक पूर्ण दिवस, हेलेससाठी दुसरा, आणि सवड असल्यास सुवलासाठी अर्धा दिवस, अशी वाटणी मला योग्य वाटते. मुक्कामासाठी द्वीपकल्पावरील एजेआबात किंवा सामुद्रधुनीपलीकडील चनाक्कले सोयीचे आहे. वसंत ऋतू आणि शरद ऋतूचा आरंभ चालण्यास उत्तम. उन्हाळ्यात उघड्या कड्यांवर सावली मिळत नाही. १८ मार्च आणि २५ एप्रिल या दिवशी येथे मोठे समारंभ होतात. त्या वातावरणाचे स्वतःचे मोल आहे. परंतु शिळा वाचायच्या असतील, तर त्या तारखा टाळलेल्या बऱ्या.

एखाद्या विशिष्ट सैनिकाचा शोध घ्यायचा असल्यास निघण्यापूर्वीच ब्रिटन व तत्कालीन साम्राज्यातील युद्धमृतांच्या कबरींची निगा राखणाऱ्या राष्ट्रकुल युद्धकबर आयोगाच्या संकेतस्थळावर त्याचे नाव पाहावे. नोंदीत दफनभूमीच्या नावापुढे रोमन अंक, एक अक्षर आणि एक संख्या दिसली, तर ते अनुक्रमे विभाग, ओळ आणि कबर यांचे निदर्शक असतात आणि त्या ठिकाणी शिळा सापडते. याउलट फलक क्रमांक दिलेला असेल, तर त्या माणसाची ज्ञात कबर नाही, असे समजावे. हा फरक घरी बसूनच लक्षात घेतला नाही, तर ओळीमागून ओळी धुंडाळण्यात दुपार वाया जाते.

भारतीय सैनिकांची नावे शोधताना अधिक सावधगिरी हवी. त्या काळच्या कारकुनांनी रोमन लिपीत जशी ऐकली तशी नावे लिहिली. त्यामुळे एकाच नावाची तीन-चार वर्णलेखने करून पाहावी लागतात, आणि नुसत्या नावापेक्षा पलटणीचे नाव व मृत्यूची तारीख यांवरून शोध लवकर लागतो. भारतीयांच्या अनेक नोंदींत वडिलांचे नाव, गाव आणि जिल्हाही दिलेला असतो, जो शिळेवर किंवा फलकावर दिसत नाही. तो घरीच उतरवून घ्यावा. जाता जाता एक सांगितले पाहिजे: त्या महायुद्धातील मराठा पलटणींतील माणसे शोधणाऱ्याने गॅलिपोलीऐवजी मेसोपोटेमियाच्या मोहिमेकडे, म्हणजे बसऱ्याच्या स्मारकाकडे पाहावे. गॅलिपोलीतील भारतीय पायदळ मुख्यतः शीख, गुरखा आणि पंजाबी पलटणींचे होते, आणि त्याच्या जोडीला डोंगरी तोफखाना व खेचरांचे तांडे होते.

शिळा वाचण्याची रीत

फ्रान्स किंवा बेल्जियममधील ब्रिटिश दफनभूमी पाहिलेल्या माणसाला गॅलिपोलीतील दफनभूमी प्रथम अपुरी वाटते. तेथील उभ्या पांढऱ्या शिळांच्या रांगा येथे नाहीत. जमीन भूकंपप्रवण आणि सरकणारी असल्याने वास्तुविशारद जॉन बर्नेट यांनी जमिनीलगतच्या बुटक्या, तिरक्या माथ्याच्या शिळा योजल्या, आणि इतरत्र मोकळा उभा असणारा मोठा क्रूस येथे दगडी भिंतीत कोरून बसवला. त्यामुळे शिळा वाचण्यासाठी वाकावे लागते किंवा गुडघा टेकावा लागतो. वाचणारा ज्या कोनातून पाहतो त्यावर अक्षरांचे दिसणे अवलंबून असते; भर दुपारी डोक्यावरच्या उन्हात झिजलेली अक्षरे पुसट होतात आणि सकाळी किंवा सायंकाळी तिरप्या प्रकाशात तीच उठून दिसतात. अक्षरे उठावदार करण्यासाठी खडू, पीठ किंवा साबणाचा फेस लावण्याची खोड काही जणांना असते. ती दगडाला अपायकारक आहे. त्याऐवजी एक छोटा आरसा बाळगून त्याने बाजूने प्रकाश पाडावा.

शिळेवर साधारणपणे सेवाक्रमांक, हुद्दा, नाव, पलटण, मृत्यूची तारीख, वय, धर्मचिन्ह आणि सर्वांत खाली कुटुंबाने निवडलेली ओळ असा मजकूर असतो. कर्नल आणि साधा शिपाई यांच्या शिळेत आकाराचा भेद नाही. १९१७ मध्ये स्थापन झालेल्या आयोगाने हे समानतेचे तत्त्व धरले होते. युरोपबाहेर, विशेषतः आफ्रिकी व आशियाई सैनिकांच्या बाबतीत ते नेहमी पाळले गेले नाही, हे आयोगाच्याच २०२१ च्या अहवालाने मान्य केले आहे.

तळाची ओळ सर्वांत बोलकी असते. कुटुंबाला मोकळ्या जागांसह जास्तीत जास्त ६६ अक्षरे वापरण्याची मुभा होती. घरातील भाषा, बायबलमधील वचन, आईने वापरलेले लाडके नाव, क्वचित दबलेला रागही या ६६ अक्षरांत बसवलेला आढळतो. पण ही ओळ नसल्यास त्या माणसाला रडणारे कोणी नव्हते, असा निष्कर्ष काढू नये. न्यूझीलंडच्या सरकारने आपल्या सैनिकांच्या शिळांवर अशा ओळी कोरण्यास परवानगीच दिली नाही, आणि इतर देशांतही पत्ता बदललेल्या किंवा पत्राला उत्तर न दिलेल्या कुटुंबांची जागा कोरीच राहिली. लगतच्या दोन शिळांपैकी एक ऑस्ट्रेलियन आणि एक न्यूझीलंडची असेल, तर हा फरक एका नजरेत समजतो.

तारखेवरही डोळे झाकून विश्वास ठेवू नये. पहिल्या आठवड्यातील गोंधळात हजेरी घेता आली ती काही दिवसांनी. तोपर्यंत कोण कधी पडला, हे सांगणारेच उरले नव्हते. त्यामुळे अनेक ऑस्ट्रेलियन नोंदींत मृत्यूची तारीख एका दिवसाऐवजी २५ एप्रिल ते २ मे अशा टप्प्यात दिलेली आढळते. वयाचेही तसेच आहे, कारण भरती होताना वय वाढवून सांगणारी मुले कमी नव्हती. जेम्स मार्टिन हा मुलगा अठरा वर्षांचा असल्याचे सांगून भरती झाला. खंदकांत आजारी पडून २५ ऑक्टोबर १९१५ रोजी रुग्णजहाजावर त्याचा अंत झाला, तेव्हा तो चौदा वर्षे नऊ महिन्यांचा होता. त्याचे दफन समुद्रात झाले, म्हणून त्याची शिळा शोधण्यात अर्थ नाही. त्याचे नाव लोन पाइनच्या स्मारक भिंतीवर आहे.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. काही शिळांच्या माथ्यावर, हा सैनिक या दफनभूमीत पुरला असल्याचे मानले जाते, अशा अर्थाची इंग्रजी ओळ असते. अशा शिळेखाली त्या माणसाचा देह नसतो. तो त्याच कुंपणाच्या आत कोठेतरी असावा, एवढेच तिला म्हणायचे असते. या शिळा बहुधा कडेला, भिंतीलगत रांगेने लावलेल्या दिसतात. मध्ये पसरलेली मोकळी हिरवळ मात्र रिकामी नसते. फ्रान्समध्ये ओळख न पटलेल्या प्रत्येक देहावर, तो केवळ देवालाच ठाऊक आहे, असे सांगणारी शिळा असते; गॅलिपोलीत अशा बहुतांश कबरींवर काहीही खूण नाही. म्हणूनच येथील हिरवळीवरून आडवे चालत जाण्यापेक्षा कडेने फिरावे, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे.

असे का घडले, हेही समजून घ्यावे. १९१६ च्या जानेवारीनंतर जवळजवळ तीन वर्षे ही भूमी ऑटोमन, म्हणजे तत्कालीन तुर्की साम्राज्याच्या ताब्यात होती. १९१८ च्या अखेरीस युद्धविराम झाल्यावर ब्रिटिशांचे कबर-नोंदणी पथक परतले, तेव्हा लाकडी क्रूस बहुतेक नाहीसे झाले होते आणि दोन आघाड्यांमधल्या बेवारस भूमीत पडलेल्यांची हाडे उघड्यावर होती. कपड्यांची चिंधी, बिल्ला किंवा बूट यांवरून देश ओळखता येई, माणूस नव्हे. १९२३ च्या लोझान करारात तुर्कस्तानने कबरी असलेली जमीन कायमच्या वापरासाठी दिली आणि त्यानंतर आजच्या रूपातील ३१ राष्ट्रकुल दफनभूमी आकाराला आल्या. त्यांपैकी २१ एकट्या ॲन्झॅक विभागात आहेत.

पहिला दिवस: किनाऱ्यावरून वर

ॲन्झॅकमध्ये नेहमी समुद्राकडून डोंगराकडे जावे. बहुतेक सहलीच्या बस उलट्या क्रमाने किंवा मनाला येईल त्या क्रमाने फिरवतात, त्यामुळे चढाचा अर्थ पायांना कळत नाही. आरी बुर्नूच्या टोकाजवळील दफनभूमीपासून आरंभ करावा, अरुंद ॲन्झॅक खाडी पाहावी, दक्षिणेकडील किनारा दफनभूमीत जावे आणि तेथून श्रॅपनेल दरीच्या वाटेने वर चढावे. किनाऱ्यालगतच्या दफनभूमींत नावे असलेल्या शिळा तुलनेने दाट आहेत, कारण तेथे माणसे आघाडीच्या मागे, सोबत्यांच्या हातून, खूण करून पुरली गेली. जसजसे वर जावे तसतशा शिळा विरळ होतात आणि हिरवळ वाढते. आघाडीची रेषा कोठे होती, हे नकाशा न उघडताही केवळ या विरळपणावरून ओळखता येते. माझ्या मते ॲन्झॅकमध्ये शिकण्यासारखी ही सर्वांत मोठी गोष्ट आहे.

खाडीजवळ अतातुर्क यांचे, म्हणजे येथे लढलेले सेनाधिकारी आणि पुढे तुर्की प्रजासत्ताकाचे संस्थापक झालेले मुस्तफा केमाल यांचे, म्हणून प्रसिद्ध असलेले शब्द वाचायला मिळतात. परक्या मातांनी अश्रू पुसावेत, त्यांची मुले आता आमचीही मुले झाली आहेत, असा त्यांचा आशय आहे. हे शब्द १९३४ चे म्हणून सांगितले जातात; परंतु त्या काळातील पुरावा अभ्यासकांना सापडलेला नाही, आणि स्मारकावर ते आले १९८५ मध्ये, जेव्हा तुर्कस्तानने या खाडीला ॲन्झॅक हे नाव अधिकृतपणे दिले. म्हणून ते वाचताना १९१५ इतकेच १९८५ हे वर्षही मनात ठेवावे. स्मारक ज्या घटनेचे असते तिच्याबरोबर ते उभारणाऱ्या पिढीचीही कहाणी सांगते, आणि गॅलिपोलीत या दोन तारखांमधले अंतर कधी कधी सत्तर वर्षांचे आहे.

लोन पाइन येथे ६ ऑगस्ट १९१५ रोजी ऑस्ट्रेलियन सैन्याने ऑटोमन खंदकांवर हल्ला केला. खंदकांवर लाकडी ओंडक्यांचे छप्पर होते, आणि पुढील चार दिवस त्या अंधाऱ्या चरांत हातघाईची लढाई झाली. येथे सात व्हिक्टोरिया क्रॉस, म्हणजे ब्रिटिशांची सर्वोच्च शौर्यपदके, मिळाली आणि दोन हजारांहून अधिक ऑस्ट्रेलियन ठार अथवा जखमी झाले. आजची दफनभूमी त्याच खंदकांच्या जागेवर आहे. तिच्या टोकाला असलेल्या स्मारकावर ज्ञात कबर नसलेल्या ४,९०० हून अधिक ऑस्ट्रेलियन व न्यूझीलंडच्या सैनिकांची नावे कोरलेली आहेत. भिंतीवरील नावे पलटणीनुसार आणि त्यात हुद्द्यानुसार लावलेली असल्याने आधी पलटण शोधावी, मग नाव. एकाच पलटणीखाली एकच आडनाव दोनदा दिसले, तर थांबावे. ते भाऊ असण्याची शक्यता असते आणि नोंदीतील आईवडिलांच्या नावांवरून त्याची खात्री करता येते.

लोन पाइनकडून वर जाणारा रस्ता हाच दोन आघाड्यांमधला बेवारस पट्टा होता. जॉन्स्टन्स जॉली येथे रस्त्याच्या एका बाजूला ऑटोमन आणि दुसऱ्या बाजूला ऑस्ट्रेलियन खंदकांच्या खुणा दिसतात. १९ मे १९१५ च्या ऑटोमन हल्ल्यानंतर या पट्ट्यात सुमारे तीन हजार मृतदेह पडले होते, आणि दुर्गंधी असह्य झाल्यावर २४ मे रोजी दोन्ही बाजूंनी काही तासांचा युद्धविराम करून ते पुरले. त्या दिवशी पुरलेल्यांच्या वैयक्तिक कबरी शोधण्यात अर्थ नाही. रस्त्याच्या आसपासची जमीन हीच त्यांची कबर आहे.

पुढे ५७ व्या आलायचे, म्हणजे रेजिमेंटचे, शेहितलिक, म्हणजे शहिदांची दफनभूमी, लागते. आपल्या ‘शहीद’ शब्दाशी असलेले त्याचे नाते मराठी वाचकाला लगेच जाणवेल. २५ एप्रिलला मुस्तफा केमाल यांनी याच रेजिमेंटला कड्यावर धाडले. मी तुम्हाला हल्ला करण्याचा नव्हे, मरण्याचा हुकूम देतो आहे, हे त्यांचे शब्द प्रत्येक तुर्की मुलाला पाठ असतात. शिळांवर नावे, गावे आणि वये आहेत, लोक त्यांच्यासमोर तळवे वर करून दुवा मागतात. तरीही ही दफनभूमी प्रतीकात्मक आहे आणि ती १९९२ मध्ये उभारली गेली. संपूर्ण रेजिमेंट येथेच संपली, असे मार्गदर्शक सांगतात. तिची अपरिमित हानी झाली हे खरे. परंतु ती पुढे पूर्व युरोपातील गॅलिशिया आणि पॅलेस्टाइनच्या आघाड्यांवरही लढली. देह नसलेल्या या शिळांना खोटे म्हणण्याची घाई मात्र करू नये. अधिकृत आकड्यांप्रमाणे या मोहिमेत ८६,००० हून अधिक ऑटोमन सैनिक मरण पावले, आणि त्यांतील बहुसंख्य सामूहिक खड्ड्यांत, खुणेविना पुरले गेले. ज्यांची एकही शिळा नव्हती, त्यांच्यासाठी त्यांच्या पणतवंडांच्या पिढीने या शिळा लावल्या. येथे प्रार्थना चालू असताना छायाचित्रे घेऊ नयेत.

नेक नावाची अरुंद खिंड काही मिनिटांवर आहे. ७ ऑगस्ट १९१५ च्या पहाटे ऑस्ट्रेलियन घोडदळाचे पायउतार सैनिक चार लाटांनी येथे मशीनगनच्या तोंडी गेले. आजच्या दफनभूमीत ओळख न पटलेले ३१६ देह आहेत, आणि शिळा मात्र मोजक्याच. दोन-चार टेनिस मैदानांएवढ्या गवताभोवती बुटकी भिंत, पाठीमागे दगडी क्रूस आणि खाली दूरवर सुवलाचे खारे सरोवर व समुद्र, एवढेच येथे दिसते. येणारे लोक पाच मिनिटांत परततात, कारण वाचायला काही नाही. मी मात्र येथे निदान अर्धा तास बसण्याचा सल्ला देईन, तोही भिंतीच्या बाहेरच्या अंगाला, जेथून दोन्ही बाजूंचे खंदक किती जवळ होते याचा अंदाज येतो.

चढ संपतो तो चुनुक बेअर शिखरावर. ८ ऑगस्टच्या पहाटे विल्यम मॅलोन यांच्या नेतृत्वाखाली न्यूझीलंडच्या वेलिंग्टन बटालियनने ते घेतले. त्याच दिवशी मॅलोन तेथे पडले, आणि १० ऑगस्टला मुस्तफा केमाल यांच्या प्रतिहल्ल्याने शिखर परत गेले. येथील दफनभूमीत सहाशेहून अधिक जण पुरलेले आहेत आणि त्यांतील केवळ दहांची ओळख पटली आहे. मॅलोन यांची कबर ज्ञात नाही. त्यांचे नाव शेजारच्या न्यूझीलंड स्मारकावर आहे. त्या स्मारकाच्या अगदी बाजूला अतातुर्क यांचा पुतळा आहे. दोन राष्ट्रांनी एकाच माथ्यावर आपापली उंची राखण्याचा केलेला हा प्रयत्न थोडा दाटीवाटीचा वाटतो, पण त्यामुळे हे शिखर कोणाला किती महत्त्वाचे होते, हे वेगळे सांगावे लागत नाही. याच डोंगररांगेवर ९ ऑगस्टला सहाव्या गुरखा रायफल्सची पहिली बटालियन पोहोचली होती आणि तेथून तिला मागे यावे लागले.

सुवलाविषयी थोडक्यात सांगायचे, तर तेथे चारच राष्ट्रकुल दफनभूमी आहेत, वर्दळ जवळजवळ नाही आणि स्वतःचे वाहन हवे. हिल १० आणि ग्रीन हिल या दोन पाहिल्या तरी पुरे.

दुसरा दिवस: हेलेस

दक्षिणेत आरंभ हेलेस स्मारकापासून करावा. तीस मीटरहून उंच असलेला हा स्तंभ सामुद्रधुनीत शिरणाऱ्या जहाजांवरून दिसावा अशा बेताने उभारलेला आहे. त्याच्या भोवतालच्या भिंतींवर सुमारे २१,००० नावे आहेत. भारतीय पलटणींची नावे शोधायची ती येथे. हिंदू आणि शीख सैनिकांचे दहन होत असे, तेव्हा त्यांची कबर नसणे हे त्यांच्या धर्माला धरूनच होते. तरी हेलेसच्या खंदकांपुढे ४ जून १९१५ रोजी चौदाव्या शीख पलटणीचे जे लोक पडले, त्यांच्यापैकी अनेकांना अग्नीही मिळाला नाही. त्या एका दिवसात पलटणीतील बहुतांश माणसे कामास आली. या फलकासमोर उभे राहून ‘सिंग’ या एका शब्दाची उतरंड वाचताना घरून उतरवून आणलेली गावांची आणि वडिलांची नावे उपयोगी पडतात. त्यांच्याशिवाय ती सारी एकाच माणसाची नावे वाटू लागतात.

त्यानंतर डब्ल्यू या सांकेतिक नावाच्या किनाऱ्याजवळील लँकेशायर लँडिंग दफनभूमी पाहून आल्चितेपे गावाकडे निघावे. वाटेत पिंक फार्म, ट्वेल्व्ह ट्री कॉप्स आणि रिडाउट या दफनभूमी आहेत. या प्रत्येक ठिकाणी मान वर करून समोरचा आची बाबा डोंगर पाहावा. पहिल्याच दिवशी घ्यायचे ठरलेले ते ठिकाण दोस्त फौजांना अखेरपर्यंत मिळाले नाही, आणि या दफनभूमींची रांग म्हणजे त्या दिशेने किती अंतर कापले गेले याची मोजपट्टीच आहे. रिडाउटमध्ये एक ओक आहे. येथे पडलेल्या एका तरुण अधिकाऱ्याच्या वडिलांनी तो इंग्लंडहून आणून लावला.

मोर्तो उपसागरावरील फ्रेंच दफनभूमी वेगळी भाषा बोलते. दोन हजारांहून अधिक लोखंडी काळ्या क्रूसांच्या रांगोळीसारख्या ओळी आणि टोकाला हजारो अनामिकांचे अवशेष एकत्र ठेवलेली अस्थिकोठारे, अशी तिची रचना आहे. ब्रिटिशांनी अनामिकांना हिरवळीखाली पसरून ठेवले, फ्रेंचांनी त्यांना एका छताखाली गोळा केले. समोरच्या टेकडीवरील ४१.७ मीटर उंचीचे, चार खांबांचे चनाक्कले शहीद स्मारक १९६० मध्ये पूर्ण झाले. तेथे शाळकरी मुलांच्या रांगा असतात आणि मुले फलकांवर आपल्या प्रांताचे नाव आधी शोधतात.

काही नियम दोन्ही दिवशी सारखेच लागू आहेत. जमिनीवर गोळी, बिल्ला, हाडाचा तुकडा असे काहीही दिसले, तरी ते उचलू नये. ते नेणे गुन्हा आहे आणि न फुटलेला दारूगोळा अजूनही सापडतो. हाड दिसल्यास जागा लक्षात ठेवून प्रशासनाला कळवावे. खंदकांच्या कडांवर उभे राहू नये, कारण त्या मातीच्या आहेत आणि दरवर्षी थोड्या ढासळतात. १९९४ च्या वणव्यात या द्वीपकल्पावरील मोठे जंगल जळाले होते, तेव्हा मेणबत्ती किंवा उदबत्ती पेटवण्याचा विचार मनातही आणू नये. दफनभूमीतील लांब, सपाट स्मरणशिळा बाकासारखी दिसते, पण ती बसण्यासाठी नाही. छायाचित्र घेताना आधी संपूर्ण दफनभूमीचे, मग ओळीचे आणि शेवटी शिळेचे घ्यावे. नुसत्या शिळेचे छायाचित्र वर्षभराने कोठले होते, ते आठवत नाही.

सायंकाळ सेद्दुलबाहिर गावासाठी राखून ठेवावी. किल्ल्याखाली व्ही किनारा आहे. २५ एप्रिलला रिव्हर क्लाइड हे कोळशाचे जहाज येथे मुद्दाम जमिनीवर चढवण्यात आले, आणि त्याच्या बाजूंना पाडलेल्या दारांतून बाहेर पडणारे सैनिक पाण्यातच मारले गेले. किनाऱ्यालगतच्या दफनभूमीत त्यांच्यातील बरेच जण आहेत, आणि तेथेही हिरवळच अधिक. तेथून गावामागच्या टेकडीवर चढावे. माथ्यावर एकच कबर आहे. लेफ्टनंट कर्नल चार्ल्स डाउटी-वायली यांची. ते तुर्कस्तानात ब्रिटिश वाणिज्यदूत म्हणून राहिलेले होते आणि बाल्कन युद्धात तुर्की जखमींची शुश्रूषा केल्याबद्दल त्यांना ऑटोमन सन्मानही मिळाला होता. २६ एप्रिलला त्यांनी हातात केवळ एक छडी घेऊन या टेकडीवर चढाई केली, टेकडी घेतली गेली आणि माथ्यावर त्यांना गोळी लागली. सोबत्यांनी त्यांना तेथेच पुरले. पुढे आसपासच्या विखुरलेल्या कबरी गोळा करून दफनभूमी बांधल्या गेल्या, तेव्हाही या कबरीला हात लावला गेला नाही. सबंध द्वीपकल्पावरील राष्ट्रकुलाची ही एकमेव एकाकी कबर आहे. या दगडाखाली कोण आहे, त्याला कोणी ठेवले आणि कोणत्या दिवशी, या तिन्ही प्रश्नांची उत्तरे येथे एकाच जागी मिळतात.